सातबारा का विचारला?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारण भांडण झालंय, आणि घरातल्या भांडणाचा निकाल घरात लागत नसला की मी इथे येते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच :)

झालं असं. अंबाजोगाईला मावसबहिणीकडे बसलो होतो. भाचीला स्थळ आलंय, मुलगा न्यू जर्सीला. फोटो झाले, पगार झाला, ग्रीन कार्ड कुठवर आलंय तेही झालं. मी आपलं सहज विचारलं, "मुलाच्या स्वतःच्या नावावर इथे काही आहे का? सातबारा, फ्लॅट, काहीही?" खोलीत एकदम शांतता. मग नाना कडाडले, "पोरगी द्यायचीय की कर्ज द्यायचंय? आणि उद्या काही झालंच तर बीडला कोर्ट आहे की!"

नाना, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते, कोर्ट आहेच. पण त्याचा हुकूमनामा न्यू जर्सीत पोहोचत नाही.

आपल्या दिवाणी संहितेत कलम ४४-अ आहे, १९३७ मध्ये घातलेलं. केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करतं की अमुक देश आणि आपण एकमेकांचे हुकूमनामे मानतो. मग तिथल्या वरिष्ठ कोर्टाचा पैशांचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात आणायचा आणि सरळ दरखास्त लावायची, जणू तो इथेच झाला. ब्रिटन आहे या यादीत, सिंगापूर आहे, हाँगकाँग, न्यूझीलंड आहे. अमेरिका नाही. आपली निम्मी पोरं जिथे जातात तोच देश नाही!

म्हणजे उलटी बाजूही बघा. समजा एखाद्या आईने अमेरिकेत मुलाच्या खर्चाचा हुकूम मिळवला आणि बाप केजला येऊन शेती करत बसला, तर तो कागद इथे नुसता पुरावा. त्यावर नवा दावा, तोही ३ वर्षांच्या आत. परत समन्स, परत तारखा.

नानांचं पुढचं वाक्य होतं, "एका देशातल्या कोर्टाचं दुसरीकडे चालत नाही, असं कुठे असतं का?" नाना, बीडच्या माणसाने हे विचारावं? तुमच्या वडिलांच्या काळात आष्टीकडून नगरला जायचं म्हणजे मुलूख बदलत होता. इकडे निजामाचा हाली शिक्का, करोडगिरीचा नाका, उर्दूतून चालणारी कोर्टं, हैदराबादचं वेगळं हायकोर्ट. पलीकडे इंग्रजांचं राज्य. इंग्रजी कायद्याच्या लेखी बीडचं कोर्ट हे परकंच कोर्ट. सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, पण आजची दिवाणी संहिता आपल्याकडे लागू झाली १ एप्रिल १९५१ ला.

आणि हे नुसतं कागदावरचं परकेपण नव्हतं. ग्वाल्हेरच्या सरदार मालोजी नरसिंहराव शितोळ्यांनी तिथल्या कोर्टातून १९४८ मध्ये पैशांचा एकतर्फी हुकूमनामा मिळवला आणि वसुलीला अलाहाबाद गाठलं. तोवर दोन्ही गावं एकाच देशात आलेली. तरी १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, निकाल झाला तेव्हा ते परकं कोर्ट होतं, प्रतिवादी तिथे राहत नव्हते आणि हजरही झाले नव्हते, सबब अलाहाबादेत या कागदाला किंमत नाही. सरदारांची ही गत, तर आपल्या भाचीचं काय?

एक गोष्ट मात्र मान्य करते. आपल्या कोर्टांनी मुलींना ढाल दिली आहे. एका नवऱ्याने मिसुरीतून परस्पर घटस्फोट आणला होता, तो सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये मानला नाही. लग्न हिंदू कायद्याने लागलेलं, घटस्फोटाचं कारण त्या कायद्यात नसलेलं, आणि बायकोने तिथलं कोर्ट स्वीकारलेलं नाही, मग मानायचं कसं? शिवाय २००३ पासून बायको जिथे राहते तिथल्या कोर्टातही तिला हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करता येतो. म्हणजे बीडलाही.

पण ढालीने पोटगी वसूल होत नाही हो. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सुचवलं होतं, की कलम ४४-अ च्या धर्तीवर करार करा, म्हणजे आपल्या कोर्टांचे हुकूम परदेशात बजावता येतील. २००९ मध्ये विधी आयोगाने अनिवासींच्या कुटुंब कायद्यावर अहवाल दिला, २०२४ मध्ये आणखी एक. २०१९ मध्ये अनिवासींच्या लग्ननोंदणीचं विधेयक राज्यसभेत आलं, त्याचा कायदा झाला नाही. मुलांच्या पोटगीसाठी २००७ चा हेग करार आहे, त्यात अमेरिकासुद्धा आहे. आपण नाही.

सरकारला जमतच नाही असंही नाही. संयुक्त अरब अमिरातीशी १९९९ मध्ये करार झाला होता, राजपत्रात नाव आलं जानेवारी २०२० मध्ये. वीस वर्षांनी का होईना, आलं. आता दुबईच्या बँकेचं कर्ज बुडवून आलेल्याच्या मागे तिथला हुकूमनामा थेट जिल्हा न्यायालयात येऊ शकतो. बँकेला वाट मिळाली याचं मला दुःख नाही. राग याचा आहे की बँकेची थकबाकी तेवढी निकडीची, आणि बाईची थकलेली पोटगी म्हणजे 'घरगुती प्रश्न', तो नातेवाइकांनी मिटवावा!

(हो, पासपोर्ट जप्त करण्याची तरतूद आहे. पण पासपोर्ट जप्त केला म्हणून शाळेची फी भरली जात नाही.)

म्हणून सातबारा विचारला, नाना. बीडच्या कोर्टाचा हात भारतातल्या मिळकतीपर्यंत पोहोचतो. मुलाच्या नावावर इथे दोन एकर असली, तर ती जप्त होऊ शकते. त्याचा न्यू जर्सीतला पगार इथून जप्त होत नाही. मुलगा चांगलाच असेल, मी कुठे वाईट म्हणतेय? विमा काढताना आपण गाडीला वाईट म्हणतो का?

असो. नाना अजून बोलत नाहीयेत. भाचीने मात्र काल रात्री मेसेज करून तो १९९१ चा निकाल मागितला. पाठवलाय.