कळसूची अट

मे महिना लागला की सावेडीत गुलमोहर रोडपासून पाइपलाइन रोडपर्यंत सहलींच्या पाट्या झळकू लागतात. राजधानीची गजबज आणि डोंगरातली शांतता, दोन्ही एकाच सुट्टीत! पाटीवरच्या चित्रात आई, बाबा आणि दोन मुलं. आई हसते आहे. आदल्या रात्री ती किती वाजेपर्यंत धपाटे लाटत होती, ते चित्रात येत नाही.

मैत्रिणींनो, ही सुट्टी नेमकी कुणाची? बाबा ऑफिसमधून सुटतात, मुलं शाळेतून सुटतात. बाई कशातून सुटते? पिशव्या ती भरते, औषधं ती आठवते, गाडीत ओकणाऱ्या पोराला ती धरते, सासूबाईंचा उपास ती सांभाळते. मुक्कामाला पोचल्यावर ओले कपडे वाळत कोण घालतं? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. हे घरकाम बाईबरोबर गाडीत बसून सहलीलाही येतं. तिकीट न काढता.

सरकारलाही बाईच्या पर्यटनाची आठवण झाली. 2023 साली महाराष्ट्रानं महिलांसाठी खास पर्यटन धोरण आणलं. त्याला नाव दिलं 'आई'! पर्यटन महामंडळाच्या निवासात सवलत वगैरे त्यात आहे, ती जरूर घ्यावी. पण घराबाहेर पडणाऱ्या बाईला दुसरं नाव सुचू नये? पुरुषांसाठी धोरण निघालं असतं, तर त्याचं नाव 'बाबा' ठेवलं असतं का?

खरा फरक पडला तो त्याच वर्षीच्या 17 मार्चपासून, एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर. लगेच टिंगलही सुरू झाली. म्हणे, बाया आता उगाच फिरायला लागल्या. हे 'उगाच' मला फार मोलाचं वाटतं. दवाखाना, माहेर, देवदर्शन, लग्नकार्य, कारण असेल तरच बाईनं उंबरा ओलांडायचा, हीच तर आपली रीत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 साली 'व्हाय लॉयटर' या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांबद्दल हेच मांडलं. बाईला शहरात निव्वळ रेंगाळण्याचा हक्क हवा, कामाचं निमित्त न दाखवता.

म्हणून आपण चौघी-पाचजणींनी ही राजधानी आणि डोंगराची सहल आपल्या पद्धतीनं करावी. रस्ता सोपा आहे. नगरहून आळेफाटा, माळशेज घाट, कल्याण करत मुंबई. तिथं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पाय सोडून बसायचं, दादरला शिवाजी मंदिरात नाटक बघायचं, लोकलच्या बायकांच्या डब्यात शिरून गर्दी अनुभवायची. मुताऱ्यांची पंचाईत आहेच. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईतल्या संघटनांनी 2011 साली 'राइट टू पी' मोहीम उभी केली, तेव्हा कुठं या विषयावर उघड बोलणं सुरू झालं. पैसे मागितले तर भांडायचं. मग कसारा लोकल, घाट चढून इगतपुरी, घोटी आणि तिथून आपल्याच जिल्ह्यातलं भंडारदरा.

घोटी-भंडारदरा रस्त्यावर बारी गाव लागतं. वर कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. लोखंडी शिड्या चढून लोक जातात, फोटो काढतात, उतरतात. कळसू कोण, हे किती जणांना ठाऊक असतं? त्या भागातली कथा अशी की कळसू ही भटकायची आवड असलेली कोळ्याची पोर. पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून. भांडी घासणार नाही, केरकचरा काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस कुणीतरी फर्मावलंच. तिनं भांडी घासली, केर काढला, आणि सरळ डोंगर चढून गेली. परत उतरलीच नाही. तिनं भांडी घासली ती जागा आजही थाळेमेळ म्हणून दाखवतात. लोकांनी तिची देवी केली, नवरात्रात जत्रा भरवली. तिची अट मात्र कुणी पाळली नाही. ओटी भरून खाली उतरलेली बाई घरी जाऊन भांडीच घासते.

आणि आपणही जपून असावं. भंडारदऱ्याच्या आसपासच्या वाड्यांवर पर्यटकांना पिठलं-भाकरी मिळते, काजव्यांच्या दिवसांत तर तिथं रात्रभर गाड्यांची रांग असते. ती भाकरी थापणाऱ्या आदिवासी बायका कळसूच्याच गोतातल्या. आपली सुट्टी म्हणजे त्यांच्या चुलीपुढचं आणखी एक जागरण, असं होता कामा नये. जेवणाचे पैसे भाकरी करणारीच्या हातात द्यावेत, घासाघीस करू नये, रात्री दहाला गरम भाकरीचा हट्ट धरू नये, आपली ताटं आपण विसळावीत. शक्य झालं तर तिलाही विचारावं, तू मुंबई पाहिलीस का? तुमच्या गावाहून कसाऱ्यापर्यंत गाडी कितीला पडते?

परतीला राजूर, अकोले, संगमनेर करत नगर. दोन रात्री मुंबईत, दोन डोंगरात. घरचे विचारतील, चार दिवस आम्ही खायचं काय? कणीक डब्यात आहे म्हणावं, आणि गॅसची टाकी परवाच आली आहे.