नकार मिळाला नाही, म्हणजे आपलेपणा मिळाला का?

इंग्लंडमधल्या गिल्डफर्डला बायकामुलांसह येऊन तीन वर्षं होतील. गाव जुनं आहे. चढावरचा दगडी फरशीचा बाजार, नॉर्मन काळातला किल्ला, गिल्डहॉलवर 1683 साल कोरलेलं घड्याळ. शिरड शहापूरहून अब्बा फोनवर विचारतात, "दिल लगा क्या?" मी लगेच "हां" म्हणायचो.

त्याला कारण होतं. पुण्यात नोकरीला असताना नाव ऐकताच दोन घरमालकांनी जागा नाकारली होती. इथं घरमालकानं पगाराची स्लिप अन् व्हिसा बघून किल्ली दिली. वाटलं, हेच आपलं गाव!

आता कळतं, मी गल्लत केली. नकार न मिळणं हा साधा न्याय आहे. आपलेपणा त्याच्या पुढचा. तो कामातून येतो.

जवळच्या वोकिंगमध्ये 1889 ची शाहजहान मशीद आहे. ब्रिटनमध्ये खास मशीद म्हणून बांधलेली ही पहिली इमारत भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या देणगीमुळे उभी राहिली. तिथून जवळ, ब्रुकवुडच्या कब्रस्तानात कुरआनचे दोन इंग्रजी अनुवादक विसावले आहेत. अब्दुल्ला युसुफ अली मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम शाळेत शिकलेले. मार्माड्यूक पिकथॉल जन्मानं इंग्रज. पण मुंबईत त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल'चं संपादन केलं, मग हैदराबाद संस्थानात शाळा सांभाळली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. जिथं गेले, तिथल्या कामाला त्यांनी हात घातला.

मी काय केलं? राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून भारतीयाला इथं मतदान करता येतं, म्हणून यादीत नाव नोंदवलं. गावात मात्र एकाही ग्रामसभेला बसलो नव्हतो. पुण्यातला नकार तर कुणाला न सांगता गिळला आणि निघून आलो. उद्या हिंगोलीहून पुण्याला जाणाऱ्या पोरालाही त्याच दारातून परत फिरावं लागेल. त्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे.

मित्रांनो, परदेशी जरूर या. पण अपमान गिळून, पाठ फिरवून येऊ नका. नकार मिळाला तर तो लिहून ठेवा, चारचौघांत बोला, सोबत उभे राहणारे हिंदू मित्र शोधा, ते असतात. देशात कुठंही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या 19व्या कलमानं आपल्याला दिला आहे. तो मागणं ही तक्रार नव्हे, नागरिकाचं काम आहे.

अब्बांना आता मी सांगतो, "लगा रहा हूं. यहां भी, वहां भी."