बांगडीचे बळ : एका माध्यमांतराविषयी

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात माध्यमांतराचा विचार आता रुळला आहे. कादंबरीचे नाटक झाले, कथेचा चित्रपट झाला की मूळ संहितेतील काय गळाले आणि नव्या संहितेत काय भरले गेले याची नोंद आपले विद्यार्थी बऱ्यापैकी करू लागले आहेत. चित्रकथेवरून दूरचित्रवाणी मालिका झाली तर मात्र ती आपल्या विचाराच्या कक्षेत येत नाही. चित्रकथा ही मुलांची गोष्ट आणि मालिका ही घरच्यांची करमणूक, अशी वाटणी आपण करून टाकलेली असते. त्यातून अतिमानुष सामर्थ्याच्या नायिका असतील तर विचारायलाच नको. ही उपेक्षा माझीही होती. ती मोडली कुरुंद्यात, आमच्या घरी.

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे माझे गाव. सुटीत आलेली भाची मोबाइलवर 'मिस मार्व्हल' ही मालिका हिंदी आवाजात पाहत होती. मी शेजारी बसलो तो केवळ सोबतीला. शेवटच्या भागाअखेर तिने विचारले, "मामा, ती बांगडी नसती तर तिनं काय केलं असतं?" मी काहीतरी उत्तर दिले. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, कारण तो माध्यमांतराच्या वर्मावरच बोट ठेवणारा होता.

मूळ चित्रकथेतील कमला खान ही न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबातील शाळकरी मुलगी. सना अमानत, जी. विलो विल्सन, एड्रियन अल्फोना प्रभृतींनी ती २०१३ मध्ये घडवली; २०१४ पासून तिची स्वतंत्र मालिका निघाली आणि पहिल्या खंडास २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एका धुक्यातून गेल्यावर तिला देह हवा तसा ताणता, फुगवता, बदलता येऊ लागतो. ही शक्ती हाती येताच ती प्रथम होते काय, तर सोनेरी केसांची, गोरी, तिची आवडती नायिका कॅरल डॅन्व्हर्स. आणि त्या रूपात तिला अवघडल्यासारखे होते. दुसऱ्याचा देह पांघरून पाहावा, तो अंगावर बसत नाही हे कळावे आणि मग स्वतःच्या आकाराकडे परतावे, हा या चित्रकथेचा गाभा आहे. शक्ती देहात आहे आणि देहाविषयीच आहे. वयात येणाऱ्या मुलीच्या संकोचाला याहून नेमके रूपक सुचणे अवघड.

२०२२ च्या जून-जुलैमध्ये आलेल्या सहा भागांच्या मालिकेत बिशा अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रूपक बदलले. येथे शक्ती प्रकाशाच्या स्फटिकांसारखी दिसते आणि तिला जाग येते ती कराचीहून आजीने पाठवलेल्या एका कड्यामुळे. ते पणजी आयेशाचे. पणजी दुसऱ्या जगातून आलेली, तिचे हरवणे १९४७ च्या फाळणीत. चित्रकथेतील कमलाच्याही मनगटात कडे आहे, पण तिथे तो अलंकार आहे; सामर्थ्याशी त्याचा संबंध नाही. मालिकेने अलंकाराला सामर्थ्याचे उगमस्थान केले. शेवटच्या भागात तिच्या जनुकांतच काही वेगळे आहे असा उलगडा होतो खरा; पण तोही कुळाकडेच बोट दाखवतो. जे स्वतःला शोधताना सापडत होते, ते आता वारसाहक्काने मिळते.

याला तांत्रिक वा आर्थिक कारणे असतीलही. त्यांचा शोध घेणे माझे काम नव्हे. पण हे एकच उदाहरण नाही. मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये निर्माण केलेल्या 'वंडर वुमन'चे बळ मुख्यतः तिच्या शिक्षणाचे आणि मनोनिग्रहाचे होते. १९७५ मध्ये ती अमेरिकन दूरचित्रवाणीवर आली तेव्हा राणी आईने मुलीला कमरपट्टा दिला आणि बेटाबाहेर तिचे बळ त्या पट्ट्यावर टिकले. छोट्या पडद्याला शक्ती डोळ्यांना दिसेल अशा वस्तूत ठेवावी लागते, असा एक बचाव करता येईल. तो मला पुरेसा वाटत नाही. दिसावयाचीच असेल तर फुगलेली मूठही दिसते.

मराठी वाचकाला मात्र या कड्याकडे परक्यासारखे पाहता येणार नाही. 'हातात बांगड्या भरल्या आहेत काय?' हा आपल्या भाषेतला भ्याडपणाचा टोमणा. बांगडी फुटली असे आपल्या बायका म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. कारण फुटणे हा शब्द वैधव्यासाठी राखलेला. ही मालिका यायच्या महिनाभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने पतिनिधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. नवऱ्याच्या आयुष्याशी बांधलेली वस्तू आईकडून मुलीकडे, आजीकडून नातीकडे येते आणि तिच्यातून प्रकाश निघतो, हे दृश्य आपल्या चिन्हव्यवस्थेत ठेवले तर उलथापालथ करणारे आहे. जर्सी सिटीतील प्रेक्षकाला हा अर्थ कदाचित लागणारही नाही. तो लावणे हे मराठी समीक्षेचे काम आहे आणि तिथे मी मालिकेला झुकते माप देतो.

तरीही भाचीचा प्रश्न उरतोच. येथे मला नरहर कुरुंदकरांकडे (१९३२-१९८२) वळावेसे वाटते. ते आडनावाने या गावाचे आहेत म्हणून नव्हे. ते केवळ निमित्त. 'छत्रपती शिवाजी महाराज : जीवनरहस्य' मध्ये त्यांनी एक कसोटी मांडली आहे. अफजलखानाचा वध, आग्र्याहून सुटका हे प्रसंग थरारक असले तरी महाराजांचे मोठेपण त्यांत साठवलेले नाही; राजा गेल्यावरही सामान्य रयत औरंगजेबाशी वर्षानुवर्षे झुंजत राहिली, यात ते शोधावे लागते, असा त्यांचा रोख आहे. अद्भुताच्या वाङ्मयाला ही कसोटी निर्दयपणे लागू पडते. नायिकेने काय चमत्कार केला हा प्रश्न मागे सरतो आणि तिच्या असण्याने इतरांत काय उत्पन्न झाले हा पुढे येतो.

या कसोटीवर मालिकेतील एक प्रसंग मला अडवतो. लहानपणी फाळणीच्या रात्री, गर्दीने भरलेल्या फलाटावर, ताऱ्यांच्या मागोमाग जाऊन आपण वडिलांपर्यंत पोचलो, अशी कथा आजी सांगत आलेली असते. पाचव्या भागात कमला त्याच रात्रीत जाऊन पोचते आणि ते तारे तिच्याच हातून निघतात. म्हणजे वारसा देणारी आणि घेणारी यांची अदलाबदल होते; नात नसती तर आजी कराचीला पोचली नसती. वारशाविषयीची माझी तक्रार येथे लंगडी पडते, हे मान्य केले पाहिजे. पण या प्रसंगी तरी शक्ती एका मुलाला गर्दीतून वाट दाखवण्यापुरतीच वापरली आहे, आणि तो प्रसंग सर्व मारामाऱ्यांहून अधिक टिकतो, हेही तितकेच खरे.

आता आपल्याकडे पाहू. ताराबाईंवरील २०२१ च्या मराठी मालिकेच्या शीर्षकातच 'सौदामिनी' आहे. राजाराम महाराजांच्या निधनानंतर, १७०० ते १७०७, त्यांनी मोगलांविरुद्ध चालवलेली मोहीम विजेची नव्हती. किल्ले, सरदार, रसद आणि चिकाटी यांची होती. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात बंदूक आणि बाँब घेऊन उतरल्या. मागे राजघराणे नाही, वडिलोपार्जित कडे नाही. आणि तरी आपण त्यांची ओळख काय करून देतो? 'मराठवाड्याची झाशीची राणी.' शेतकरी घरातल्या बाईच्या कर्तृत्वाला उभे राहण्यासाठी आपणही एका राणीचे नाव उसने आणून तिच्या मनगटात घालतो. कमलाला तरी सोनेरी केसांचे रूप उतरवून ठेवण्याची सवड तिच्या लेखकांनी दिली होती.

दगडाबाईंची चित्रकथा कुणी काढली तर ती कोणत्या शीर्षकाने काढावी, हा प्रश्न मी गेल्या सत्रात वर्गात ठेवला. सत्तावीस जणांपैकी बावीस जणांनी शीर्षकात 'राणी' हा शब्द ठेवला. भाचीला विचारले, तर तिने नुसते नावच लिहिले आणि खाली एक बंदूक काढली.