इंजिन बदलले, तरी गाडी ओढत नाही



उसाच्या खात्यातील माणसाने मोटारीच्या इंजिनावर का लिहावे, असा प्रश्न काही जणांना पडेल. उत्तर सोपे आहे. बेणे, खत, ठिबकच्या नळ्या, औषधे हे सारे आज पिकअपमधूनच शेतावर जाते. बेणेमळ्यातून तोडलेले बेणे गाडी अडकल्यामुळे दोन दिवस उन्हात पडले, तर डोळे सुकतात आणि उगवण घटते. मग तक्रार आमच्याच खात्याकडे येते. तेव्हा हा विषय उसाचाच आहे, असे मी मानतो.

गटागटातून फिरताना एक प्रकार वरचेवर पाहावयास मिळतो. डिझेल पिकअपचे जुने इंजिन थकते, ऑइल खाऊ लागते. सभासद सोसायटीचे किंवा हातउसने पैसे उभे करून दुसरे इंजिन बसवून घेतो. गाडी गॅरेजमधून बाहेर येते तेव्हा आवाज गुळगुळीत असतो, ऑइल कमी होत नाही. पण माल भरला की चढाला दम लागतो. मिस्त्री सांगतो, "हजार किलोमीटर जाऊ द्या, मोकळं होईल." हजार होतात, दोन हजार होतात, मोकळे काही होत नाही. मग 'इंजिनच बाद निघालं' असा निकाल लागतो आणि पुन्हा हेड उघडायची भाषा सुरू होते. पहिल्या खर्चाचे हप्ते फिटलेले नसतात, तोवर दुसरा खर्च उभा राहतो.

माझे मत स्पष्ट आहे. नव्या इंजिनाच्या रिंगा बसेपर्यंत थोडा जडपणा राहतो, हे खरे. पण जी गाडी तेवढाच माल घेऊन पूर्वी तिसऱ्या गिअरवर चढ चढत होती, ती आता दुसऱ्यावर रडतखडत जात असेल, तर तो जडपणा नव्हे, दोष होय. आणि हा दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या पोटात नसतो. इंजिन उतरवताना जे जे सोडले आणि बसवताना जे जे पुन्हा जोडले, त्यात तो असतो. को ८६०३२ चे चांगले बेणे आणून पाणथळ रानात लावले आणि टनेज पडले नाही, तर दोष बेण्याचा की निचऱ्याचा? इथेही तसेच आहे. कारखान्यात वाफेचा दाब उतरला तर कोणी लगेच टर्बाइन उघडत नाही. आधी बगॅसची ओल पाहतात. स्वस्त आणि सोपे ते आधी, महाग आणि अवघड ते शेवटी, हाच क्रम गाडीलाही लावावा.

पहिली गोष्ट, ताकद इंजिनात कमी आहे की वाटेत वाया जाते, ते पाहावे. चढाला रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच सरकतो आहे. इंजिन चढवताना प्लेटला ऑइल-ग्रीस लागले तरी असे होते. चार-पाच मैल चालवून प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्यावा. एखादा फारच तापला असेल तर ब्रेक धरून राहिला आहे.

दुसरी गोष्ट रेसच्या केबलची. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावे, दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर शेवटच्या अटकावाला टेकतो का ते पाहावे. बसवताना केबल सैल राहिली तर पेडल पूर्ण दाबूनही लिव्हर पाऊणच फिरतो. याला पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

तिसरी गोष्ट हवेची. इंजिन उतरवताना कचरा आत जाऊ नये म्हणून हवेच्या पाइपात चिंधी कोंबतात, आणि कधी कधी ती तशीच आत राहते. फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत सगळे पाइप एकदा काढून पाहावेत. टर्बोची गाडी असेल तर होजचे क्लिप घट्ट आहेत का, होज चिरला आहे का, तेही पाहावे. काही टर्बो गाड्यांत मॅनिफोल्डवरून पंपाच्या डोक्यावर एक बारीक नळी जाते. हवेचा दाब वाढला की जादा डिझेल सोडावे, हा निरोप ती नळी पंपाला देते. ती जोडायची राहिली तर इंजिन स्वच्छ चालते, धूर नाही, खडखड नाही, आणि दमही नाही. एका सभासदाच्या गाडीचे हेड दुसऱ्यांदा उघडले गेले, आणि शेवटी निघाली ती हीच सुटलेली नळी. नळीला किंमत नव्हती, हेडच्या कामाला होती.

चौथी गोष्ट डिझेलची. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की टाकीतला गाळ सुटतो आणि जाळीत अडकतो. जुना रबरी होज आतून सोलला जातो. बाहेरून तो चांगलाच दिसतो, आतून वाट बंद. जोडावर जुनाच वॉशर लावला तर तेथून हवा ओढली जाते. टाकीचे झाकण सैल ठेवून त्याच चढावर गाडी नेऊन पाहावी. ती ओढू लागली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. साध्या पंपाच्या इंजिनात फिल्टरच्या अलीकडे थोडा पारदर्शक पाइप घालून पाहावा. बुडबुडे दिसले तर हवा शिरते आहे.

पाचवी गोष्ट पंपाच्या टायमिंगची, आणि येथे जाणकार मिस्त्रीच हवा. गिअरचा दाता चुकला तर इंजिन सुरूच नीट होत नाही, म्हणून ती चूक लपत नाही. पण पंपाची भोके लांबट असतात. त्यात पंप थोडा मागे बसला तर इंजिन सुरू होते, चालते, फक्त ओढत नाही. खुणेला खूण लावली एवढ्यावर न थांबता टायमिंग मोजून घ्यावे. तसेच विचारावे की, पंप आणि नोझल नवे आहेत की जुन्या इंजिनाचेच चढवले? थकलेले नोझल नव्या इंजिनावर घातले तर नव्या बैलांना जुना मोडका जू घातल्यासारखे होते.

या सगळ्यात धुराची साक्ष मोठी आहे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला तर टायमिंग मागे आहे किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. आणि धूर मुळीच नाही, दमही नाही, तर डिझेलच पुरेसे पोहोचत नाही. एवढे पाहून झाल्यावरच कॉम्प्रेशन मोजावे, आणि सगळ्या सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. एकात फार तफावत दिसली, तरच हेडला हात लावावा.

अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांचे थोडे वेगळे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर तर बहुतेक कारभार संगणकाकडे गेला. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा पेटत असेल तर संगणक स्वतःच ताकद आवळून धरत असू शकतो. तेथे स्कॅनर लावल्याशिवाय अंदाज बांधू नये. काही इंजिनांत नोझल बदलले की प्रत्येकाचा नंबर संगणकात भरावा लागतो. आणि चालू इंजिनावर नोझलच्या पाइपाचा नट कधीही सैल करू नये. आतला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, ती धार कातडीतून आत शिरते.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. खरा दोष न शोधता पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवायचा आणि डिझेल वाढवून द्यायचे, ही पद्धत बंद झाली पाहिजे. चार दिवस गाडी ओढते, सभासद खूष होतो. पण जादा डिझेलने इंजिन तापते, काळा धूर सुटतो, अॅव्हरेज उतरते आणि शेवटी पिस्टन जातो. जमिनीची तपासणी न करता युरियाची पोती वाढवावीत, तसा हा प्रकार आहे. सील तुटले की पंपाच्या हमीवरही पाणी पडते.

सभासदांनी आपल्याकडूनही शिस्त ठेवावी. गाडी गॅरेजला देताना कामाची चिठ्ठी लिहून घ्यावी. काढलेले जुने भाग परत मागावेत. आपल्या मॉडेलचेच इंजिन आहे ना, हे नंबरावरून पडताळावे, कारण बाहेरून सारखी दिसणारी इंजिने कमी-जास्त ताकदीची असतात. नवा इंजिन नंबर आर.टी.ओ.कडे नोंदवून विमा कंपनीलाही कळवावा, नाहीतर अपघाताच्या वेळी अडचण येते. ताबा घेण्यापूर्वी गाडी मालासह ओळखीच्या चढावर नेऊन पाहावी. मोकळ्या गाडीची सपाटीवरची चक्कर ही चाचणी नव्हे. तक्रार असेल ती हमीच्या मुदतीत, लेखी द्यावी.

गाळप बंद झाल्यावर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये सभासदांच्या गाड्यांसाठी एक दिवस तपासणीचा ठेवावा, अशी माझी व्यवस्थापनास सूचना आहे. केबल, फिल्टर, होज एवढे पाहायला फार वेळ लागत नाही. तोपर्यंत ज्यांनी इंजिन बदलले आहे आणि गाडीला दम नाही, त्यांनी दुसऱ्यांदा हेड उघडण्याची परवानगी देण्याआधी वरील पाच गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत पाहून घ्याव्यात, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी