निवड कोणाची, समाधान कोणाचे?

घरी नवे यंत्र आणणाऱ्या कुटुंबास आणि वसतिगृहात जेवणाऱ्या विद्यार्थ्यास हल्ली प्रश्नावल्या भरून द्याव्या लागतात. एकास विचारतात, हेच का घेतले? दुसऱ्यास विचारतात, जेवून समाधान झाले का? ह्या उत्तरांचा अर्थ कसा लावावा, ह्याविषयी आम्हांस ह्या मासी थोडे लिहावयाचे आहे.

जेरी हाउसमन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1979 साली वातानुकूलन यंत्रांच्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी वीज खाणारे यंत्र महाग असते, पण तो जादा पैसा पुढे विजेच्या बिलातून परत येतो. ग्राहक ह्या पुढील बचतीस फारच कमी लेखतात, जणू आजच्या रुपयावर शेकडा 20 च्या आसपास व्याज धरून चालतात, असे त्यास आढळले. जितके उत्पन्न कमी, तितका हा दर चढा.

आपल्याकडे 2006 पासून यंत्रांवर ताऱ्यांची पट्टी लागू लागली. समजा, दोन फ्रिजांच्या पट्ट्यांवर वर्षाचे 250 आणि 200 युनिट लिहिले आहेत व युनिटास 10 रुपये पडतात. वर्षाची बचत 500 रुपये झाली. किंमतीत 3000 रुपयांचे अंतर असेल तर ते सहा वर्षांत फिटते. हा हिशेब गरीब गृहस्थास कळत नाही असे मानणारे पंडित आहेत. आम्हांस ते पटत नाही. ज्याच्यापाशी आज ते 3000 रुपये नाहीतच, त्याच्या नाइलाजास ‘निवड’ हे नाव कशास द्यावे?

एकत्र कुटुंबात आणखी एक गुंता असतो. पैसे मोजतात वडील माणसे, आणि मिक्सरशी रोज झटते सून. त्याचे भांडे घासण्यास सोपे आहे की नाही, हे तिलाच ठाऊक; प्रश्नावली मात्र बहुधा दिवाणखान्यातच भरली जाते!

खानावळीची कथा ह्याहून बिकट आहे. पारसुरामन, झाइथामल व बेरी ह्यांनी 1988 साली मांडलेल्या प्रसिद्ध मापनपद्धतीत अनुभवातून अपेक्षा वजा करतात. म्हणजे ज्याने पातळ वरणापलीकडे अपेक्षाच ठेवली नाही, त्याच्या हिशेबात उणे काही निघत नाही. पूर्वी पुण्यात वार लावून जेवणारा विद्यार्थी यजमानीणबाईंस आमटी अळणी झाली असे कधी म्हणाला असेल काय? आजचा विद्यार्थी पैसे देतो हे खरे. पण वर्षाची रक्कम आगाऊ भरलेली आणि जवळपास दुसरी सोय नाही, अशा स्थितीत तोही ‘बरे आहे’ असेच लिहून मोकळा होतो.

पालकांनी वसतिगृहाच्या चालकांस इतके सुचवावे: कागद नावाविना भरून घ्यावा, तो खानावळीच्या कंत्राटदाराने गोळा करू नये, आणि आठवडाभर ताटांत उरलेली भाजी, आमटी व पोळी वेगवेगळी तोलून तो आकडा फळ्यावर लिहावा.