‘कॅन्सल’ दाबलं, पण थांबलं का?

प्रोजेक्टच्या डेमोत ‘कॅन्सल’चं बटण सगळेच हौसेने दाखवतात. दाबलं की स्क्रीनवरचं चक्र थांबतं, एक्झामिनर मान डोलावतात, मार्क पडतात. पण तिकडे सर्व्हर थांबला का? माझं स्पष्ट मत आहे की आपली बहुतेक ‘कॅन्सल’ बटणं खोटं बोलतात.

एलडॅप डिरेक्टरीचंच घ्या. हजारो नोंदींत नाव शोधायला सांगितलं आणि कनेक्शन तसंच ठेवून नुसती विंडो बंद केली, तर सर्व्हर बिचारा शोधतच राहतो. मेसमध्ये चार पोळ्या सांगून न बोलता उठून जाण्यातलाच हा प्रकार. मावशी लाटतायत आणि रांगेतला मागचा उपाशी!

यावर एलडॅपमध्ये ‘अबँडन’ हा संदेश आहे. प्रत्येक रिक्वेस्टला नंबर असतो, तो सांगून ‘आता नको’ म्हणायचं. गंमत म्हणजे त्याला उत्तरच येत नाही. शोधाच्या बाबतीत हे चालून जातं. उशिरा आलेले निकाल टाकून द्यायचे. पण रिक्वेस्ट पासवर्ड बदलण्याची असेल तर? आता जुना चालणार की नवा?

म्हणूनच २००४ साली आरएफसी ३९०९ मध्ये ‘कॅन्सल’ हे वेगळं ऑपरेशन आलं. त्याला सर्व्हर जबाब देतो: रद्द केलं, असं काही चालूच नाही, उशीर झाला, किंवा हे रद्द करता येत नाही. अर्थात प्रत्येक सर्व्हरवर ही सोय असतेच असं नाही. सर्व्हरच्या रूट नोंदीतल्या एक्स्टेन्शनच्या यादीत १.३.६.१.१.८ दिसतो का, ते आधी बघावं. नसेल तर बदल झाला की नाही हे पुन्हा तपासावं, अंदाजावर सोडू नये.

कुणी म्हणेल, “टाइमआऊट टाकलाय ना!” अहो, पुष्कळदा टाइमआऊट म्हणजे आपण वाट बघणं सोडलं, एवढंच. आणि सी लायब्ररीतली ‘अंडरस्कोर एस’ने संपणारी सोपी फंक्शन्स उत्तर येईपर्यंत अडकून बसतात, रिक्वेस्टचा नंबर हातात देतच नाहीत. मग रद्द काय करणार, कपाळ?

रिक्वेस्ट पाठवायला आपण शिकतो, मागे घ्यायला नाही. तेव्हा सर-मॅडमना एकच विनंती. डेमोत ‘कॅन्सल’ दाबून झालं की शांतपणे विचारा, “आता सर्व्हरवर काय चाललंय?” आमची तारांबळ उडेल, पण त्या निमित्ताने कोड तरी सुधारेल.