रानभाजीचे नवे भक्त
रानभाजीस दरिद्र्याचे अन्न म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या सुशिक्षित बंधूंस हल्ली तिचेच वेड लागले आहे. हे वेड जुन्या तिरस्काराहून घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गेल्या ज्येष्ठात ठाणे जिल्ह्यातील ठाकूर बायांसमवेत आम्ही शेवळे काढावयास गेलो. बाया कोंब खुडून कंद जमिनीत राखीत. आमच्या शहरी मंडळींनी ते कंदासकट उपटले! “मास्तर, पुढल्या साली काय खाल?” एका म्हातारीने विचारले. काकडाच्या फळांवाचून शेवळे शिजविल्यास घसा खाजतो, हेही तिनेच शिकविले. (लॅटिन नाव तेवढे आम्हांस पाठ होते.) २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्यांस दिला, टोपल्या घेऊन येणाऱ्या हौशी पाहुण्यांस नव्हे. आम्हांस पुन्हा रानात न्यावे की नाही, हे त्या बायांनीच ठरवावे.